जागा धरणारी खुर्ची

मी एक घडीची खुर्ची. कापडी बैठक, लोखंडी नळ्या, बगलेत मारून कुठेही नेता येईल अशी. आमच्या कुळाला घरात फारसा मान नाही. पाहुणे फार झाले की आमची आठवण होते आणि ते गेले की आम्ही पुन्हा दाराआड.

माझं नशीब मात्र जरा हिंडतं निघालं. एका वार्ताहराची परदेशात नेमणूक झाली आणि तिथे पोचल्यावर त्याने पहिली खरेदी माझी केली. परदेशी वार्ताहर म्हटलं की लोकांना वाटतं, हा सदा विमानात आणि मागे सतत धडामधुडूम. मी त्याचं वजन पेललंय, म्हणून सांगते: तो बसतो. मंत्र्यांच्या बंगल्यांबाहेर, कोर्टाच्या आवारात, बंद फाटकांसमोर बसतो. बातमी आत असते, वार्ताहर बाहेर असतो आणि मधला सगळा वेळ माझ्यावर पडतो.

फुटपाथवर आमचा एक अलिखित कायदा होता. माणूस जेवायला गेला, आंघोळीला गेला, तरी त्याची खुर्ची आहे तोवर जागा त्याची. देशोदेशीचे पत्रकार एकमेकांच्या बातम्या बिनदिक्कत पळवायचे, पण दुसऱ्याच्या खुर्चीला हात लावायचे नाहीत. अब्रू कुठेतरी राखावी लागते. त्यांनी ती आमच्यात राखली.

एका वर्षी त्या देशाचे म्हातारे अध्यक्ष रुग्णालयात होते आणि आम्ही समोरच्या फुटपाथवर. वार्ताहराने त्यांच्यावरचा मृत्युलेख केव्हाच लिहून ठेवला होता. या धंद्यात मोठ्या माणसाचा लेख तो जिवंत असतानाच तयार ठेवतात आणि मग रोज सकाळी त्याच्या प्रकृतीची चौकशी करतात. इतकी आस्था सख्ख्या नातेवाइकांनाही नसते.

इकडे वार्ताहराचे स्वतःचे वडील अंथरुणाला खिळले होते. थोरल्या बहिणीचा फोन यायचा.

"बाबा दाराकडे बघत पडलेले असतात रे. येऊन जा ना."

"येतो ताई. इथलं एकदा आटपू दे."

"आटपू दे म्हणजे?"

"म्हणजे... अध्यक्षांचं."

"वा! ते गेले की तू येणार. मग मी देवाकडे नेमकं काय मागू, तेवढं सांगून ठेव."

तो हसला. पण त्याने तिकीट काढलं. त्याच्याच वर्तमानपत्राचा फोटोग्राफर शेजारी बसायचा. तो म्हणाला, "दादा, खुशाल जा. खुर्ची राहू द्या, जागा कुठे जात नाही. म्हातारा गेलाच तर फोटो मी काढतो, लेख तुमचा तयार आहे. तुमचं इथे काम काय उरलंय?"

निघायच्या दिवशी बॅग माझ्या पायाशी होती. तो उठला, एवढ्यात रुग्णालयाच्या छपरावरचा झेंडा खाली येऊ लागला. सगळा फुटपाथ ताडकन उभा राहिला, खुर्च्या पालथ्या पडल्या. अशा बातम्या कुणी आधी तोंडाने सांगत नाही. पत्रकार झेंड्याकडे बघतात.

"अर्ध्यावर येतोय!" कुणीतरी ओरडलं.

वार्ताहराने आधी तिकीट रद्द केलं, मग ऑफिसला फोन लावला. त्याला कुणी थांब म्हणालं नव्हतं.

झेंडा अर्ध्यावर थांबलाच नाही. तो पार खाली आला. दोन पहारेकऱ्यांनी त्याची घडी घातली आणि थोड्या वेळाने त्याच काठीवर नवा कोरा झेंडा चढवला.

"वाऱ्याने फाटला असणार," फोटोग्राफर म्हणाला.

वार्ताहर माझ्यावर बसला. नेहमीसारखाच बसला, वजनात काही फरक नव्हता.

दुसऱ्या दिवशी ताईचा फोन आला. बाबा गेले होते.

"कधी? किती वाजता?" त्याने विचारलं.

ताई म्हणाली, "मी तुला बातमी देत नाहीये रे."

तो गेला, तिथलं उरकून परत आला. तोवर मी होते तिथेच होते. माझ्यावर कुणी बसलं नाही, मला कुणी सरकवलं नाही. जागा शाबूत होती. पुढे अध्यक्ष स्वतःच्या पायांनी बाहेर आले आणि आमच्याकडे बघून त्यांनी हात हलवला. वार्ताहराने त्याची बातमी केली. चांगली झाली, म्हणे.

मग दर वर्षी तो त्या मृत्युलेखातलं वय तेवढं वाढवत राहिला. त्याची निवृत्ती झाली तेव्हाही अध्यक्ष ठणठणीत होते. त्याच्या जागेवर आलेल्या नव्या वार्ताहराला त्याने लेख सोपवला आणि सांगितलं, "घाई करू नकोस."

आता आम्ही ताईकडे असतो. खिडकीशी बाबांची खाट अजून आहे. आल्या दिवशी त्याने मला तिच्याजवळ उघडलं.

"घरात धड खुर्च्या आहेत की," ताई म्हणाली. "त्या डगडगणारीवर कशाला बसतोस?"

"सवय आहे."

रोज दुपारी तो बसतो. रडत नाही, वाचत नाही. चादर नीट असली तरी एकदा नीट करतो. माझं कापड मधोमध विरलंय. एक दिवस मी त्याला खाली बसवणार आणि भंगारात जाणार, हे आम्हा दोघांनाही ठाऊक आहे.

जाण्याआधी एवढंच मागते. बंद फाटकासमोर बसला असाल आणि दुसरीकडे कुणी दाराकडे बघत असेल, तर मला फाटकाशी ठेवा. जागा मी धरते. तुम्ही जा.