दारापाशीच्या दोन ओळी

पिवळ्या मार्करचा पट्टा दोन ओळींवरून सरळ आला होता आणि शेवटच्या शब्दाशी जरा ओघळला होता... ओल्या शाईला कुणाचा तरी अंगठा लागला असावा. रिझवाना मॅडमनी नकळत आपला अंगठा पाहिला. तो स्वच्छ होता.

आईनं मालवला दिवा, नजर खिळली वाटेशी
घरातला उजेड सारा दिला लेकीच्या उशाशी

समोर इरशाद अहवाल वाचत होता. एके काळी त्यांच्याच वर्गात शेवटच्या बाकावर बसणारा इरशाद आता विद्यापीठाच्या इथल्या केंद्रात संगणक शिकवत होता आणि एआयच्या जबाबदार वापरासाठी नेमलेल्या समितीचा सचिव होता. निवृत्त झालेल्या मॅडमना समितीवर आग्रहाने आणलं ते त्यानेच. नियमावलीतलं सातवं कलम मॅडमनी सुचवलेलं — यंत्राने दिलेलं वाक्य माणसाच्या तोंडी घालायचं नाही. सगळ्यांनी माना डोलावल्या होत्या, आणि त्यांना बरं वाटलं होतं, वर्गात कविता नीट पोचली की वाटायचं तसं.

आज त्याच कलमाखाली पहिली मुलगी समोर बसली होती. पोलादपूरच्या वरच्या अंगाची रेश्मा, एम.ए.ची. तिने आपल्या आतेची, बनुबाईची, हळदीची आणि पाठवणीची गाणी रेकॉर्ड करून प्रकल्प केला होता. एक गाणं शेवटाकडे अडलं. बनुबाई म्हणाली, पुढचं नाय आठवत. रेश्माने एआयला विचारलं, त्याने या दोन ओळी दिल्या, आणि रेश्माने त्या बनुबाईच्या म्हणून लिहिल्या. रेकॉर्डिंगमध्ये त्या नव्हत्या. तिथे ती सापडली.

इरशाद म्हणत होता की प्रकरण तितकं वाईट नाही. ओळी बनावट असत्या तर प्रकल्प रद्द झाला असता, वर्ष गेलं असतं, आणि बिरवाडीच्या शाळेत जूनपासून मिळणारं तासिकेचं कामही गेलं असतं. पण यंत्राने ओळी मनाने रचलेल्या नाहीत. त्या मॅडमच्याच ऐंशी सालच्या लोकगीतांच्या पुस्तकात आहेत, तुळजाबाई नावाच्या गाणाऱ्या बाईच्या नावावर. म्हणजे अस्सल आहेत. मदत घेतल्याचं सांगितलं नाही, एवढीच चूक. लेखी समज पुरेशी होईल. फक्त ओळी परंपरेतल्या आहेत एवढं मॅडमनी लिहून सही करायची.

"तुमच्याइतकं कोण सांगणार, मॅडम? तुम्ही तर स्वतः ऐकलंय."

ऐकलंय...

अब्बांचा ट्रक पोलादपूरच्या नाक्यावर सोडायचा आणि तिथून वर चढायचं, खांद्यावर उसना टेपरेकॉर्डर, पिशवीत अम्मीने दिलेले खजूर. पडवीत तुळजाबाई नाचणी दळत बसलेली. पहिल्या दिवशी तिने विचारलं होतं, आमच्यातली भाकर चालंल ना गो तुला, आणि मी भाकरीबरोबर सुकटीची चटणी इतकी खाल्ली की ती हसत सुटली. म्हणाली, ही गाण्याला नाय आली, जेवायला आली. तो जात्याचा आवाज, ते पीठ उडून पांढऱ्या झालेल्या तिच्या पापण्या — सगळं जागच्या जागी आहे. दोन हजार एकवीसच्या पुरात वह्या गेल्या, कॅसेटी चिखलात गेल्या, तरी हे गेलं नाही. आणि हेही गेलं नाही, की ती त्या गाण्यात आई दारापाशी येऊन उभी राहिली तिथे थांबली होती. जातंही थांबलं होतं.

"पुढचं असं बसल्या बसल्या नाय म्हणायचं, बाय. लेक दाराबाहेर पाय टाकते ना, तवाच म्हणायचं. माघात माझ्या सोनीचं लगीन हाय. तवा ये नि ऐक."

माघात मी गेले नाही. हस्तलिखित छापखान्यात द्यायचं होतं, तारीख ठरली होती, आणि मार्गदर्शकांनी कळवलं होतं की अपुरं गाणं छापता येणार नाही. सव्वीस वर्षांची होते. एका दुपारी चवदार तळ्याकडच्या आमच्या खोलीत बसून मी दोन ओळी लिहिल्या. वाईट याचंच वाटतं की त्या सहज सुचल्या, आणि मला आवडल्या. मागून लोकांनाही आवडल्या. संमेलनांत, आकाशवाणीवर, पाठवणीच्या कार्यक्रमांत लोक त्या म्हणत गेले, आणि मी समोर बसून ऐकत गेले, दरवेळी थोडी कमी दचकत... तुळजाबाई गेली तेव्हा शोकपत्रिकेत तिच्या नावाखाली कुणीतरी त्याच छापल्या होत्या.

म्हणजे खरं सांगितलं तर ओळी बनावट ठरतात, आणि ही मुलगी बुडते. न सांगितलं तर ती तरते, मीही तरते. इतकी सोयीची दया आयुष्यात प्रथमच वाट्याला आली होती. रिझवाना मॅडमना तिचीच भीती वाटली.

इरशादने रेश्माला विचारलं, तुला काही सांगायचंय का. ती इतका वेळ ओढणीचं टोक बोटाला गुंडाळत होती. म्हणाली की तिची चूक झाली, पण तिने ओळी तशाच नाही घातल्या, आधी आतेला वाचून दाखवल्या होत्या.

"मग? काय म्हणाली ती?" मॅडमचा आवाज त्यांच्याच कानाला कोरडा लागला.

रेश्मा ओशाळून हसली. "हसली ती, मॅडम. म्हणाली, लेक जाताना दिवा कोण मालवतं गो? अंधारात काय लेक धाडायची घरातनं? असं कुठं असतं? एआयने तुमचं पुस्तक सांगितलं होतं, म्हणून मी म्हटलं, आते, पुस्तकात छापलंय, तुळजाबाईंचं हाय. तशी हसायची थांबली. म्हणाली, मग असंल बाय, मीच विसरले असंन."

इरशाद हसला. म्हणाला, बघा, माणसांची स्मरणशक्ती अशी असते, म्हणून तर छापील पुरावा लागतो.

मॅडम हसल्या नाहीत. विसरली नव्हती ती. तिला शब्द न् शब्द येत असणार. बसल्या बसल्या म्हणायचं नव्हतं, इतकंच, आणि विद्यापीठात शिकणाऱ्या भाचीला हे कसं सांगावं ते न कळून ती आठवत नाही म्हणाली. ती बाई आता घरी बसून आपल्या तोंडातल्या गाण्यावर शंका घेत असेल. यंत्राने तिला खोटं पाडलं नव्हतं. त्याने फक्त माझं नाव सांगितलं होतं.

"तुमच्या घरी लग्न आहे का कुणाचं?" त्यांनी विचारलं.

इरशादने मान वर करून पाहिलं. रेश्मा लाजली.

"माझंच हाय, मॅडम. वैशाखात. आतेच म्हणणार हाय हळदीचं नि पाठवणीचं."

इरशादने कागद पुढे सरकवला, सहीच्या जागेवर बोट ठेवलं. खाली रस्त्यावरून एमआयडीसीची पाळी सुटल्याची बस गेली, खिडकीची काच थरथरली. कितीतरी वर्षं मॅडम आपल्या नावाला जपत होत्या, नाव जाईल म्हणून रात्री जाग येत होती. आता शोधूनही ती भीती सापडेना. तिच्या जागी एक दार दिसत होतं, वरच्या अंगाचं, वैशाखातलं, त्याच्या बाहेर पडणारा या मुलीचा पाय... आणि उंबऱ्याच्या आत उभी असलेली एक म्हातारी, जिला खरं ते येतं, पण जी छापलेलं आठवण्याचा प्रयत्न करते आहे.

"मॅडम," इरशाद हळूच म्हणाला, "फक्त एकच ओळ लिहायची आहे."