उपाशी विमान

जयंत देवस्थळींनी निवृत्तीनंतर विमान घेतलं म्हटलं, की ऐकणाऱ्याला वाटे, माणूस गब्बर असणार. खरं तर त्यांनी वेल्समधल्या एका शेतकऱ्याच्या गोठ्यातून नुसता सांगाडा उचलून आणला होता. दोन माणसांचं, जाड टायरांचं, गवतावर नाहीतर नदीकाठच्या खडीवरही उतरणारं बुश प्लेन. पंखांवर कापड नव्हतं, इंजिन तुकड्यातुकड्यांनी खोक्यांत होतं आणि मागच्या सीटमध्ये उंदरांनी संसार थाटला होता. इंग्लंडात मिल्टन कीन्समधल्या त्यांच्या गॅरेजमधून त्या दिवशी कार जी बाहेर पडली, ती पुढची काही वर्षं पावसातच उभी राहिली.

"बाबा, तुमचा मिडलाइफ क्रायसिस खूप लेट आला," लेस्टरहून लेक दिया फोनवर म्हणाली.

जयंतरावांची इच्छा एकच होती. विमान उडेल तेव्हा मागच्या सीटवर बायको, शैलाताई, हव्यात. शैलाताईंचं उत्तरही एकच होतं. "अहो, खाली राउंडअबाउटला तुमची एक्झिट दर वेळी चुकते. वर तर बोर्डही नाहीत. मी नाही बसायची."

त्यातून जयंतरावांना वजनाचं वेड लागलं. स्वयंपाकघरातला काटा गॅरेजमध्ये गेला आणि नटबोल्ट त्यावर तोलले जाऊ लागले. बेसन मात्र अंदाजपंचे. शैलाताईंनी मागच्या सीटसाठी उशी शिवली, तीही काट्यावर चढून घरात परत आली.

"जड आहे. आणि तू बसणारच नाहीस, तर उशी कशाला?"

"सीट ओकीबोकी दिसते म्हणून," असं म्हणून त्या फणकाऱ्याने आत गेल्या.

पंखांवर कापड चढवायची वेळ आली तेव्हा मात्र नवऱ्याचे टाके बघून त्यांना राहवेना. माहेरी त्या आईच्या मांडीला मांडी लावून गोधड्या शिवायला शिकल्या होत्या. "सरका तिकडे," म्हणत त्यांनी मेणाच्या दोऱ्याने पंखाच्या फासळ्यांना कापड शिवून टाकलं. वरून इस्त्री फिरवली तसं कापड आकसून ताठ झालं. जयंतराव खूश. बायको कापडापर्यंत आली, आता सीट काय लांब!

अखेर विमान शहराबाहेरच्या गवती धावपट्टीवर गेलं आणि मार्टिन नावाचे तपासनीस आले. सगळं बघून झाल्यावर त्यांनी पंखाचं टोक धरून हलवलं. आतून खुळखुळ आवाज आला. मार्टिनच्या भुवया वर गेल्या. पंखात सुटी वस्तू म्हणजे परवानगी विसरा. ती उद्या कुठे जाऊन अडकेल, कोण सांगणार?

"उंदीर!" जयंतराव ओरडले. "पुन्हा आले मेले!"

पंखाखालचं गोल झाकण उघडलं. मार्टिनच्या तळहातावर तांदळाचे दाणे पडले. कुंकवाने लाल झालेले. उंदीर काही अक्षता करत नाहीत. जयंतरावांनी वळून बायकोकडे पाहिलं.

शैलाताई ओशाळल्या. "आई गोधडीच्या शेवटच्या कोपऱ्यात चिमूटभर घालायची. म्हणायची, उपाशी गोधडी अंगावर घेऊ नये. मी पुरचुंडी घट्ट बांधली होती हो!"

"अगं, पण तू तर बसणार नव्हतीस."

"तुम्ही तर बसणार होतात ना!"

ग्रॅमग्रॅमचा हिशेब ठेवणाऱ्या आपल्याला बायकोची एवढी मोठी काळजी कधी दिसलीच नाही, याची जयंतरावांना लाज वाटली. त्यांनी ते दाणे रुमालात बांधून खिशात ठेवले.

मार्टिननी दोन्ही पंख पुन्हा झटकून पाहिले आणि मगच होकार दिला. चाचणीची उड्डाणं झाली, कागद आले. मग एका लख्ख रविवारी जयंतराव एकटेच निघायच्या तयारीत होते. तेवढ्यात शैलाताई काखेत ती उशी आणि हातात डबा घेऊन गवतातून आल्या आणि मागच्या सीटवर चढू लागल्या.

"काय आहे त्यात?" जयंतरावांना विचारल्यावाचून राहवलं नाही.

"थालीपीठ. विमानाला खाऊ घालू देत नाहीत तर नाही, निदान चालवणाऱ्याला तरी उपाशी कशी पाठवू? तोलायचंय?"

"नको," जयंतराव म्हणाले. त्यांचे डोळे भरून आले होते, म्हणून त्यांनी मागे वळून पाहिलं नाही.

चाकं गवतावरून सुटली तसे शैलाताईंनी डोळे गच्च मिटून घेतले. खाली शहर पसरलं, तेव्हा एक डोळा उघडला.

"अहो," हेडफोनमधून आवाज आला, "डावीकडे घ्या. आपलं घर तिकडे आहे."