पुढे चाल

केडगावच्या मैदानावर सकाळी कल्याणचा मोबाईल वाजला, तेव्हा तो बुटांच्या नाड्या आवळत होता. शेजारी बन्सी बाटलीतलं पाणी डोक्यावर ओतून घेत होता. बाकीची पोरं रिंगखाली उड्या मारत होती. साडेनऊला झोनलची सेमीफायनल होती, राजूरकडच्या कॉलेजबरोबर.

फोन त्याच संघाच्या कॅप्टनचा होता, गोरक्षचा. मागच्या वर्षी याच स्पर्धेत राजूरच्या पोरांनी कल्याणच्या संघाला पळवून पळवून दमवलं होतं. डोंगरातली पोरं, त्यांना दम लागतच नव्हता. मॅच संपल्यावर गोरक्षनंच येऊन कल्याणचा नंबर घेतला होता. अधूनमधून दोघांचे मेसेज चालत.

“कल्याण, आमी कोल्हारच्या पुलाजवळ अडकलोय,” गोरक्ष ओरडून बोलत होता. “क्रूझर बंद पडली. तिथल्या सरांचा नंबर लागंना. तू तेवढं टेबलावर सांग, आमाला तासभर उशीर व्हईल. दुसरी गाडी बघतोय, काय बी करून येतो.”

“हां, सांगतो. या तुमी.” पलीकडून नुसतं ‘हॅलो, हॅलो’ ऐकू आलं आणि गोरक्षनं फोन ठेवला.

त्याला खरंच सांगायचं होतं. तो उठला आणि पंचांच्या टेबलाच्या दिशेनं चार पावलं गेलासुद्धा. तेवढ्यात शेळके सरांनी वॉर्मअपला हाक मारली. कल्याणला वाटलं, झाल्यावर सांगू. वॉर्मअप झाला तेव्हा टेबलाशी गर्दी होती. मग वाटलं, गर्दी हटू दे. आणि या सगळ्याच्या मधे कुठंतरी त्याच्या मनात येऊन गेलं, की नाहीच सांगितलं तर?

श्रीगोंद्याकडच्या साखर कारखान्यालगतच्या कल्याणच्या कॉलेजात बास्केटबॉलचा संघ होऊन थोडीच वर्षं झाली होती. झोनलच्या पुढे ते कधीच गेले नव्हते. कल्याणचं हे शेवटचं वर्ष. उसाला पाणी द्यायचं सोडून पोरगं बॉल बडवतंय, असं त्याचे वडील बजरंग आण्णा चारचौघांत म्हणायचे, आणि मॅचच्या दिवशी मोटरसायकलची चावी मात्र न मागता त्याच्या हातात ठेवायचे.

साडेनऊला शिट्टी झाली. एका बाजूला कल्याणचा संघ उभा राहिला. दुसरी बाजू मोकळी. पंचांनी घड्याळ लावलं. नियमाप्रमाणे पंधरा मिनिटं थांबायचं आणि मग हजर संघाला न खेळताच पुढे चाल द्यायची. आयोजक सरांनी माईक घेतला.

“राजूरच्या संघाबद्दल कुणाला काही माहिती असेल, तर कृपया टेबलाशी यावं.”

कल्याण खाली वाकला. बांधलेल्या नाड्या त्यानं सोडल्या आणि पुन्हा बांधायला घेतल्या. माईकवरून तेच दुसऱ्यांदा सांगितलं गेलं. त्यानं मान वर केली नाही.

पंधरा मिनिटं संपली. पंचांनी हात वर केला आणि टेबलावरच्या मुलानं फळ्यावर वीस-शून्य लिहिलं. पोरं ओरडली, एकमेकांच्या अंगावर पडली. कल्याणनंही टाळ्या वाजवल्या. टाळ्या वाजवताना त्याला बन्सी दिसला. तो टाळ्या वाजवत नव्हता, टॉवेलनं तोंड पुसत होता.

तासाभरानं गेटातून कांद्याचा टेम्पो आत आला. मागच्या हौद्यात राजूरची पोरं उभी होती. गाडीतच कपडे बदलून, जर्सी घालून आली होती. केसांना कांद्याची टरफलं चिकटलेली. टेम्पो थांबायच्या आत त्यांनी उड्या टाकल्या आणि पळत कोर्टावर आली. मग त्यांना फळा दिसला.

आयोजक सर हळहळले. “अरे पोरांनो, एक फोन करायचा ना कुणालातरी. दुसरी सेमी आधी लावली असती मी. त्यात काय अवघड होतं?”

गोरक्षनं वळून कल्याणकडं बघितलं. दोघांत दहा फुटांचं अंतर असेल. कल्याणला वाटलं, आता हा सगळ्यांसमोर विचारणार.

पण गोरक्ष जवळ आला आणि म्हणाला, “कोल्हारात रेंज न्हवती रे नीट. तुला ऐकू गेलं नसंल.”

“व्हय,” कल्याण म्हणाला. “कट झाला फोन.”

“वाटलंच मला.”

एवढंच. गोरक्ष परत गेला आणि आपल्या पोरांना तेच सांगू लागला. पोरांना राग कुणावर तरी काढायचा होता. त्यांनी तो ड्रायव्हरवर काढला. क्रूझर पुंजाराम मामांची होती, गोरक्षच्या सख्ख्या मामाची. ते बिचारे अजून कोल्हारातच गाडीपाशी बसलेले होते. “मामानं काल गाडी बघायला पायजे हुती,” एकजण म्हणाला. दुसऱ्यानं शिवी घातली. गोरक्षनं त्याला गप्प केलं, पण मामाची बाजू घेतली नाही.

फायनल दुपारी होती. राजूरची पोरं परत जातील असं कल्याणला वाटलं होतं. किंबहुना कधी एकदा जातात असं झालं होतं. ती गेली नाहीत. टेम्पोवाला कांदा उतरवून येईपर्यंत त्यांना थांबणं भाग होतं. जेवून ती कोर्टाच्या कडेला येऊन बसली. मॅच सुरू व्हायच्या आधी गोरक्ष कल्याणला बाजूला घेऊन म्हणाला, “त्यांचा दहा नंबर हाय ना, त्यो उजवीकडनं जातच न्हाई. मागल्या वर्षी मीच त्याला धरला हुता. तू त्याच्या डाव्या हातावर उभा ऱ्हा, मग बघ.”

कल्याण डाव्या हातावर उभा राहिला. दहा नंबरला काही सुचेना. कल्याणच्या संघानं फायनल आठ पॉइंटनं जिंकली. कडेला राजूरची पोरं घसा फुटेस्तोवर ओरडत होती, “श्रीगोंदा! श्रीगोंदा!” कप हातात घेताना फोटोवाल्यानं सांगितलं, “कॅप्टन, हसा की जरा.”

गावात चौकात फ्लेक्स लागला. त्यावर कल्याणचा चेहरा सगळ्यात मोठा. बजरंग आण्णांनी कारखान्याच्या काट्यावर उभ्या असलेल्या ट्रॅक्टरवाल्यांना पेढे वाटले. आई म्हणाली, “पोरगं जिंकून आलं आन् तोंड का असं केलंय?” त्यानं पोट दुखतंय म्हणून सांगितलं. चौकातून जायला लागू नये म्हणून तो कॉलेजला पाटाच्या कडेनं जाऊ लागला. गोरक्षचा अभिनंदनाचा मेसेज आला होता. तो उघडून वाचला तर वाचल्याची निळी खूण दिसेल, म्हणून त्यानं तो उघडलाच नाही.

पुण्यात इंटरझोनलला ते पहिल्याच मॅचला हरले. कल्याण खेळला, पण बॉल हातात आला की लगेच दुसऱ्याकडं टाकून देत होता. मोकळ्या रिंगखाली असतानाही त्यानं पास दिला. शेळके सर बाहेरून ओरडून ओरडून थकले.

परतीच्या एसटीत बन्सी त्याच्या शेजारी बसला. दौंड मागं पडलं.

“मी ऐकलं हुतं,” बन्सी एकदम म्हणाला.

“काय?”

“फोन. गोरक्ष एवढ्या मोठ्यानं बोलत हुता, मला समदं ऐकू आलं. माईकवर विचारलं तवा मी तुझ्याकडंच बघत हुतो.”

कल्याण त्याच्याकडं वळला. “मग तू का न्हाई सांगितलंस?”

“मला बी जिंकायचं हुतं की,” बन्सी म्हणाला आणि खिडकीकडं तोंड केलं.

पुढच्या सोमवारी दोघं राजूरला गेले. जायचं कुणी ठरवलं हे नंतर दोघांनाही सांगता आलं नसतं. बाजाराचा दिवस होता. गावाबाहेरच्या मैदानावर, एका बाजूनं उतार असलेल्या मातीत, गोरक्ष पोरांना पळवत होता. त्या दोघांना बघून तो हसत पुढं आला. “आरं, कळवायचं तर! जेवायला घरी सांगितलं असतं.”

कल्याणनं वाटभर वाक्यं जुळवली होती. त्यातलं एकही आठवेना. “फोन कट न्हवता झाला,” तो म्हणाला. “मला समदं ऐकू आलं हुतं. मी मुद्दाम न्हाई सांगितलं.”

गोरक्षचं हसू जायला थोडा वेळ लागला. त्यानं बन्सीकडं बघितलं. बन्सीनं मान खाली घातली.

“मला कशाला सांगतोस,” गोरक्ष शेवटी म्हणाला. “मामाला सांग.”

“मामाला?”

“कॉलेजनं त्याची गाडी सांगायची बंद केली. म्हनले, भरोसा न्हाई. स्टँडवर त्याला पोरांचा कप बुडवणारा म्हनत्यात. आन् मी बी त्याच्याशी धड बोललो न्हाई.”

जीपच्या स्टँडवर पुंजाराम मामा क्रूझरच्या टपावर भाताची पोती बांधत होते. पन्नाशीचे, अंगानं किरकोळ. गोरक्ष खालून म्हणाला, “मामा, ह्ये श्रीगोंद्याचे हायेत. तुमच्याशी बोलायचंय.”

मामा खाली उतरले. कल्याणनं त्यांना हळू आवाजात सगळं सांगितलं. फोन आला होता, सांगितलं असतं तर मॅच झाली असती, गाडीमुळं काही बुडालं नाही, माझ्यामुळं बुडालं. ऐकून झाल्यावर त्यांनी खांद्यावरच्या पंच्यानं हात पुसले.

“मला कानात सांगून काय उपेग, बाबा?” ते म्हणाले. “मला तर ठावंच हाय, माझी गाडी त्याआधी कंदी बंद पडली न्हवती. त्यांना सांग.”

स्टँडवर सात-आठ ड्रायव्हर होते. कुणी चहा घेत होतं, कुणी गिऱ्हाईकाला हाका मारत होतं. बाजाराच्या बाया पाट्या घेऊन गाडीत बसल्या होत्या. कल्याणला वाटलं, इथून पळून जावं. तो मधे जाऊन उभा राहिला. पहिलं वाक्य गिऱ्हाईकांना मारलेल्या हाकांत बुडालं. दुसऱ्यांदा तो जरा मोठ्यानं बोलला, आणि लोक वळून बघायला लागले, तेव्हा तेच सगळं पुन्हा सांगितलं. बन्सी त्याच्या शेजारी येऊन उभा राहिला आणि म्हणाला, “मला बी म्हाईत हुतं.”

मग गाडीतली एक म्हातारी म्हणाली, “चांगल्या घरची दिसत्यात की पोरं.” ती ते कौतुकानं म्हणाली नव्हती. एक ड्रायव्हर जमिनीवर थुंकला. दुसरा मामांना म्हणाला, “पुंजाभाऊ, चहा घ्या.” मामा चहाला गेले. त्यांनी मागं वळून बघितलं नाही.

गोरक्ष दोघांना एसटीपर्यंत सोडायला आला. गाडी लागली तेव्हा कल्याणनं हात पुढं केला. गोरक्षनं आपले हात खिशातून काढले नाहीत.

“तिथं टेबलापाशी,” तो म्हणाला, “रेंज नसंल असं मीच म्हनलो. तुला वाचवायला न्हाई म्हनलो. मला खरंच तसं वाटलं हुतं. तवा तू ‘न्हाई, ऐकू आलं हुतं’ म्हनला असतास, तर मी तिथंच एक शिवी दिली असती आन् इसरून गेलो असतो.”

गोरक्ष मैदानाकडं निघून गेला.

दुसऱ्या दिवशी कल्याण शेळके सरांकडं गेला. सरांनी सगळं ऐकून घेतलं. “निकाल आता बदलत नसतो,” ते म्हणाले. “राजूरच्या कॉलेजला मी फोन करतो, त्या ड्रायव्हरचं सांगतो. पण आपल्या पोरांना तू सांगायचं. मी न्हाई.”

संध्याकाळी प्रॅक्टिसला त्यानं पोरांना सांगितलं. कप खरा नाही हे त्यांना त्याच्या तोंडून ऐकायचं नव्हतं. एकानं बॉल जोरात जमिनीवर आपटला. “आता सांगून काय मिळालं तुला?” दुसरा म्हणाला. काय मिळालं ते कल्याणलाही माहीत नव्हतं. स्टँडवर बोलून झाल्यावर हलकं वाटेल अशी त्याची समजूत होती. तसं काही झालं नव्हतं.

सरांनी शिट्टी मारली. दोन संघ पाडले. जानेवारीत नगरला एक खुली स्पर्धा होती, तिची तयारी करायची होती. त्या संध्याकाळी कल्याणकडं कुणी बॉल टाकला नाही, बन्सीनंसुद्धा नाही. तो रिंगखाली जायचा, हात वर करायचा, बॉल दुसरीकडं जायचा, आणि तो पुन्हा मागं पळायचा. अंधार पडून बॉल दिसेनासा होईपर्यंत तो तसाच पळत होता.