धुतलेला रस्ता

माझा थोरला, रत्नपाल, रस्ते तपासायच्या गाडीवर साहेब आहे. गाडीच्या तोंडाशी पेटीसारखी मशीन टांगलेली असते. खणायचं नाही, ठोकायचं नाही. गाडी वरून गेली की रस्त्याच्या पोटातले थर अन् ओल दिसते, त्यावरून रस्ता किती वजन पेलेल ते कळतं. रिमोट सेन्सिंग म्हणतात त्याला. शाळा मी चौथीत सोडली, पण पोराच्या कामाचं नाव बिनचूक सांगते.

धाकटा पंचशील मिलमध्ये कताई खात्यात होता. मिलला टाळं लागलं, तसा त्यानं फाटकासमोर पंप बसवून टेम्पो धुवायचा धंदा काढला. तेव्हापासून त्याच पाण्यावर घर चाललंय. आता मिलच्या जागेवर गोदाम होणार, मोठे ट्रक येणार. रस्ता पक्का निघाला तर पंचशीलची चांदी. कच्चा निघाला तर रस्ता खोदणार अन् कडेचं सगळं उचलणार.

तपासायला येणार रत्नपालच.

आमचे सासरे महूच्या पलटणीतले. साहेब पाहणीला यायचा म्हटलं की तिथं रस्ता धुऊन काढायचे. मग माझ्या साहेबानं काय धुळीतून यावं? पंचशीलला पंप लावायला सांगितला, गल्लीतल्या बायांच्या हाती झाडू दिले. फाटकापासून चौकापर्यंत रस्ता आरसा केला.

रत्नपाल उतरला अन् त्यानं कपाळावर हात मारला.

"हे कुणी केलं?"

"मी. का, शोभत नाही?"

"आई, वर पाणी असलं की मशीनला सगळीकडे ओलच दिसते. अख्खा रस्ता सडका दाखवेल."

"म्हणजे मशीनच नाजूक. आपल्या सूनबाईसारखी."

"ऐकतेय मी, आई," पंचशीलची बायको संबोधी घराच्या दारातून म्हणाली.

"तू ऐकावंस म्हणूनच बोलले."

ड्रायव्हर म्हणाला, "साब, पहले देपालपुर वाली सड़क निपटा लेते हैं। तब तक सूख जाएगा।"

दोन दिवसांनी परत आले तेव्हा रस्ता खडखडीत होता. गाडी हळूहळू गेली, थांबली. रत्नपाल उतरेचना. मीच आत चढले.

"दाखव."

पडद्यावर लुगड्याच्या काठासारख्या सरळ रेघा होत्या. पंचशीलच्या पंपासमोर त्या खाली बसल्या होत्या.

"ही ओल परवाची नाही," रत्नपाल हळू बोलला. "रोजचं धुण्याचं पाणी मुरलंय. खालची गिट्टी सुटलीय."

गाडीच्या दारात उभ्या पंचशीलनं ऐकलं. "दादा, एवढाच तर तुकडा आहे. सोड ना यार."

रत्नपालनं माझ्याकडे पाहिलं.

"माझं तोंड काय बघतोस? दिसलं ते सांग वर."

"आई!" पंचशील ओरडला.

"ओरडू नको. भरला ट्रक इथं खचून कलंडला तर खाली कोण असेल? टेम्पोपाशी वाकलेला तूच ना?"

"अन् खायचं काय?"

मी उतरले अन् पंपाचं बटण बंद केलं.

तेवढ्यात एक टेम्पोवाला भोंगा वाजवत आला. "अम्माजी, धुलाई?"

"बंद है भिया."

"कल आऊँ?"

मी पंचशीलकडे पाहिलं. तो पाइप गुंडाळत होता, उरलेलं पाणी रस्त्यावर सांडू नये म्हणून टोक वर धरून.