पाहुणीची घागर

माझ्या कामाचा पहिला नियम साधा आहे. नमुन्याचं पाणी विहिरीतून स्वतःच्या हातानं काढायचं. पाचव्या विहिरीवर मी तो दोन वर्षं मोडला. का, तर हात दुखतात म्हणून. कारण एवढं फालतू आहे की सांगतानाही स्वतःचाच राग येतो.

झरी गावाच्या पुढं रस्त्याकडेला एक पेट्रोल पंप होता. तो बंद पडून बारा वर्षं झाली. मशिनं गेली, वरचे पत्रे गेले, जमिनीतल्या टाक्या मात्र तशाच राहिल्या. त्या उकरून काढायची कुणालाच घाई नव्हती. टाकी गंजली की उरलंसुरलं पेट्रोल मातीत झिरपतं आणि हळूहळू विहिरींकडे सरकतं. म्हणून दर तीन महिन्यांनी आसपासच्या पाच विहिरींचं पाणी तपासायचं काम आमच्या प्रयोगशाळेकडे आलं, आणि प्रयोगशाळेनं ते माझ्या गळ्यात घातलं.

पाचवी विहीर आसारामकाकांच्या आखाड्यावर, म्हणजे त्यांच्या शेतातल्या घरापाशी होती. पंपाला सगळ्यात जवळची तीच. मी तिथं पोचेपर्यंत आधीच्या चार विहिरींवर दोरानं तळहात सोललेले असायचे आणि डोकं उन्हानं भणभणलेलं. फेरीचा दिवस आधी कळवलेला असायचा, त्या दिवशी काकांची बायको धुरपदाबाई चिंचेनं घासलेली तांब्याची घागर भरून ओट्यावर ठेवायच्या.

"या योगिनीबाई. पाणी काढून ठिवलंय. तुमी कशाला वढत बसता?"

मी कशाला नको म्हणते! घागरीतूनच बाटली काठोकाठ भरायची, बर्फाच्या पेटीत ठेवायची आणि वर तांब्याभर पाणी पिऊन घ्यायचं. गार, गोड पाणी. काका बाजेवरून हसायचे. "बाई, तुमी रोजच येत जावा. तुमी आल्या की आमच्या घरचं पाणी ग्वाड लागतंय."

म्हातारा थट्टा करतोय, असं मला वाटायचं.

अहवाल दर वेळी एकच यायचा, पिण्यास योग्य. पहिला अहवाल मी स्वतः त्यांना वाचून दाखवला होता. धुरपदाबाईंनी तो कागद कपाळाला लावून देवळीत ठेवला.

या दिवाळीनंतर काका खंगत गेले. अंगात रक्तच तयार होईना. परभणीच्या डॉक्टरांनी विचारलं होतं, पेट्रोलशी, तेलाशी कधी संबंध आला होता का? काका म्हणाले, न्हाई साहेब, आमी शेतकरी माणसं. संक्रांतीच्या आधी ते गेले.

तेराव्यानंतर चार दिवसांनी माझी फेरी आली. मुलगा आणि सून दिवस उरकून ऊसतोडीवर परतले होते. धुरपदाबाई एकट्याच दारात बसलेल्या. कपाळ मोकळं. ओट्यावर घागर नव्हती. मी जवळ बसले. मग उठून विहिरीवर गेले आणि त्या विहिरीत पहिल्यांदा पोहरा सोडला.

पोहरा वर आला आणि नाकात पेट्रोलचा वास भरला. पाण्यावर रंगीत तवंग फिरत होता. टाकी आता फुटली असणार, असं मनाशी म्हणत मी धावतच परत आले.

"मावशी, पाण्याला वास कधीपासून येतोय?"

"पयल्यापासूनच हाय की. आता वाढलाय जरा."

"मग घागरीतलं पाणी?"

"ते मारुतीच्या हापशाचं." त्या सहज म्हणाल्या. "तुमी पाहुण्या. दारात आलेल्या माणसाला असलं घाण पाणी कसं द्यावं? आन् तपासायला न्यायचं म्हंजी चांगलंच द्यावं ना, बाई."

मी ओट्यावर टेकले.

"आणि तुम्ही काय पीत होता?"

"आदी म्या रोज हापशावरूनच आणायचे. गुडघे लय दुखायचे. मग तुमचा कागद आला, हिरीचं पाणी चांगलं हाय म्हणून. म्हणलं, चला, खेप वाचली. मालक कुरकुर करायचे, वास मारतंय म्हणायचे. म्या म्हणलं, शिकलेल्या बाईनं तपासलंय, गुमान प्या." मग माझ्याकडे नीट बघून त्यांनी विचारलं, "चांगलंच व्हतं न्हवं, बाई? तुमची सही हाय त्याच्यावर."

त्या म्हाताऱ्या डोळ्यांत काय होतं ते मला दिसत होतं. हो म्हटलं असतं तर त्यांना त्या रात्री झोप लागली असती, आणि दुसऱ्या दिवशी त्यांनी तेच पाणी प्यायलं असतं.

"नव्हतं," मी म्हणाले. "काका त्यानंच गेले का, ते कुणी सांगू शकणार नाही. पण ते पाणी पिण्याचं नव्हतं. चूक माझी आहे मावशी. विहिरीतून मी काढायला पाहिजे होतं. तुमची काही चूक नाही."

त्या रडल्या नाहीत. नुसत्या रिकाम्या बाजेकडे बघत राहिल्या.

"म्याच पाजलं," त्या शेवटी म्हणाल्या. "मालक न्हाई म्हणायलते, तरी पाजलं."

मी तोंड फिरवलं. मागं भांड्याचा आवाज झाला. बघते तर धुरपदाबाईंनी कोपऱ्यातली घागर उचलून कमरेवर घेतली होती. काका गेल्यापासून त्यांनी विहिरीपलीकडे पाऊल टाकलेलं नव्हतं.

"कुठं निघालात?"

"हापशावर. तुमी उन्हाच्या आल्या. बिनपाण्याच्या कशा जाल?"

मी घागर ओढून घ्यायला गेले. त्यांनी ती सोडली नाही. मग मी नुसतीच त्यांच्याबरोबर चालू लागले. बांधावरनं, ढेकळांतनं, दर दहा पावलांवर गुडघा धरून थांबत त्या पुढं जात होत्या. मारुतीचं देऊळ दिसायलाच वीस मिनिटं लागली. दोन वर्षं दर तीन महिन्यांनी ही बाई माझ्यासाठी एवढं चालत होती, आणि मला विहिरीत एक पोहरा सोडवला नव्हता.