वेगळं ठेवलेलं धान्य

शनिवार हा पंचशीलाचा हिंडायचा दिवस. सकाळच्या भाकरी झाल्या की ती शिलाई मशीनवर कापड टाकायची, पिशव्यांचं गाठोडं काखेत मारायची आणि बुद्धविहारापासून घरोघर फिरायला सुरुवात करायची.

नायगाव तालुक्यातल्या केरूळवाडीत धान्य बँक सुरू होऊन दुसरं वर्ष लागलं होतं. रीत साधी होती. दळण काढताना प्रत्येक घरानं मूठभर ज्वारी, तांदूळ नाहीतर डाळ बाजूला टाकायची. शनिवारी ते सगळं देवळामागच्या खोलीत जमा व्हायचं आणि रविवारी, ज्यांच्या घरी चुलीवर ठेवायला काही नाही, त्यांना वाटलं जायचं.

ही कल्पना पंचशीला आणि उज्वला या दोघींची. दोघी एकाच बचत गटातल्या. उज्वला गावातल्या मोठ्या शेतकरी घरातली सून. पंचशीला बौद्ध वस्तीत कपडे शिवणारी. एकदा गटाच्या कामानं दोघी भामाबाईकडे गेल्या होत्या. भामाबाईचे मुलगे पुण्यात. म्हातारी एकटीच दारात बसून वाळलेली भाकर पाण्यात भिजवत होती. "दोन दिसांची हाय, पण गोड लागते," ती हसून म्हणाली. परतताना उज्वला रस्त्यातच रडली होती. त्या रडण्यावर पंचशीलानं विश्वास ठेवला.

उज्वलानं नवऱ्याला, दयानंदला, सांगून देवळामागची खोली मिळवली. किल्ली तिच्याकडे राहिली. पंचशीलानं जुन्या साड्यांच्या पिशव्या शिवल्या आणि आपल्या वस्तीतलं धान्य गोळा करायचं काम घेतलं. वस्तीतली बरीच घरं मजुरीवर जगणारी, पण मूठ चुकत नव्हती. पंचशीलाची सासू तर स्वतःच्या वाटणीतली ज्वारी काढून ठेवायची. "भामाबाईला दे गं. माह्याच वयाची हाय ती."

त्या शनिवारी पंचशीला नेहमीपेक्षा लवकर निघाली, कारण दुपारी तिला एका लग्नाचे ब्लाउज द्यायचे होते. खोलीपाशी पोचली तर दार सताड उघडं आणि दयानंद टेम्पोत पोती टाकत होता. पोत्यांवर रिकाम्या पिशव्या पडल्या होत्या. निळी, जांभळ्या काठांची पिशवी तिनं लगेच ओळखली. ती तिच्या सासूच्या साडीची होती.

"भाऊ, हे कुठं चाललं?"

"शेडवर. कोंबड्यायला," दयानंद पाठमोराच बोलला. मग वळला, समोर कोण उभं आहे ते पाहिलं आणि गाडीत जाऊन बसला.

पंचशीला आत गेली. आजवर ती या खोलीत कधी आली नव्हती. 'आत लई पसारा हाय, पायरीवरच ठेव,' असं उज्वला म्हणायची आणि ती ठेवायची. आत पसारा नव्हता. भिंतीला लागून मोठं पिंप होतं, काठोकाठ भरलेलं. समोरच्या कोपऱ्यात पोती ठेवल्याच्या खुणा होत्या. उज्वला माप हातात धरून तिथंच उभी होती.

"आमच्या वस्तीचं धान्य वेगळं ठेवत होतीस?"

"पंचशीला, आधी ऐकून तरी घे."

"पहिल्यापासून?"

उज्वलानं माप पिंपावर ठेवलं. "बायका म्हणल्या, त्यायचं मिसळलं तर आम्ही देणार न्हाई. घेणारेबी घेणार न्हाईत म्हणल्या. भामाकाकूसारखी जुनी माणसं कशी खातील? बँक पहिल्याच महिन्यात बंद पडली असती गं. मी म्हणलं, चालू तर होऊ दे. तुमच्या वस्तीत ज्यायला लागायचं, त्यायला त्यातलंच देत होते. उरलेलं…"

"उरलेलं कोंबड्यायला."

"किडं पडले असते."

"मला सांगायचं होतंस."

"तुला वाईट वाटलं असतं."

पंचशीलाला एकेक आठवू लागलं. उज्वला घरी यायची, मशीनशेजारी तासन्‌तास बसायची, सासूची चौकशी करायची. पण चहा पुढं केला की तिला उपास असायचा. सोमवारचा, गुरुवारचा, कुठल्यातरी नवसाचा. किती श्रद्धाळू बाई आहे, असं पंचशीलानं साहेबरावला, आपल्या नवऱ्याला, कौतुकानं सांगितलं होतं.

"उद्यापासून मिसळते," उज्वला तिचा हात धरत म्हणाली. "माझी शपथ. गुपचूप मिसळते. कोणाला कळणारबी न्हाई. तू फक्त बोलू नको."

पंचशीलानं हात सोडवून घेतला. "गुपचूप कामून? आमचं धान्य चोरीचं हाय का?"

रविवारी देवळापुढच्या पटांगणात माणसं जमली. पुढं भामाबाई बसली होती. तिच्यामागं ईश्वरप्पा. बायको गेल्यापासून हा म्हातारा याच धान्यावर होता. पंचशीला पारापाशी उभी राहिली आणि जे घडलं ते तिनं सांगितलं. आवाज चढवला नाही. शेवटी म्हणाली, "आजपासून धान्य एकाच पिंपात पडंल, आन् ते समद्यायला ठाऊक असंल. ज्याला घ्यायचं त्यानं घ्यावं."

मग मागून एक पुरुषी आवाज आला, "देवळाच्या खोलीत हे चालायचं न्हाई." दोन-तीन माना डोलल्या.

पंचशीला उज्वलाकडे वळली. "उज्वला, तू सांग. हे आपण दोघींनी सुरू केलंय."

सगळ्यांचे डोळे उज्वलाकडे लागले. तिनं नवऱ्याकडे पाहिलं, ओट्यावर बसलेल्या सासूकडे पाहिलं. एक शब्द पुरला असता. ती मान खाली घालून किल्ली बोटांत फिरवत राहिली.

काल खोलीत जे कळलं त्यानं पंचशीलाला राग आला होता. आता राग आला नाही. आता तिच्या आत काहीतरी तुटलं.

ईश्वरप्पा उठला, रिकामी पिशवी घडी करून खिशात घातली आणि घराकडे चालू लागला. त्याच्यामागून आणखी काही जण गेले. भामाबाई मात्र काठी टेकत उज्वलापुढं येऊन उभी राहिली.

"माझं नाव घेतलंस म्हणं तू. मी खाणार न्हाई म्हणून सांगितलंस."

"काकू, तुम्हीच तर सोवळं…"

"मला इचारलं होतं का कोणी?" म्हातारीचा आवाज चिरकला. "उपाशी मी होते माय, आन् ठरवलं तुम्ही पोटभर जेवणाऱ्यायनं."

वस्तीत परत येऊन सासूला सांगणं सगळ्यांत अवघड होतं. "म्हंजी माही मूठ कोंबड्यायनं खाल्ली?" एवढंच तिनं विचारलं.

संध्याकाळी विहारात वस्ती जमली तेव्हा साहेबराव तडकला. "बंद करा हे! आपल्या लेकरायच्या तोंडचं काढून ह्यायच्या शेडवर कामून पाठवायचं?"

विहारात बसलेली सगळी माणसं त्याच्या बाजूची होती. पंचशीलाला त्यांचं चूक वाटलं नाही. तरी ती म्हणाली, "ते कसे वागले ते मला ठाऊक हाय. पण आज ईश्वरप्पा रिकाम्या हातानं गेला, त्याच्या घरी आज काय शिजलं असंल? धान्य इथंच ठेवू. दार उघडं ठेवू. जो यील त्याला देऊ, कुठल्या बी गल्लीतला असो. लपवून मात्र द्यायचं न्हाई आन् लपवून घ्यायचं न्हाई."

पुढच्या रविवारी भामाबाई भर दुपारी, सगळ्या गावाच्या डोळ्यांदेखत, काठी टेकत विहारात आली. तिनं धान्य घेतलं आणि लगेच न जाता पंचशीलाच्या सासूशेजारी बसून ज्वारी निवडू लागली. ईश्वरप्पा आला नाही.

काही आठवड्यांनी उज्वला आली. पिशवीत ज्वारी होती, डोळे सुजलेले होते. ती विहाराच्या उंबऱ्याबाहेरच थांबली. आत भामाबाई आणि पंचशीलाची सासू ज्वारी निवडत होत्या.

"घरचं हाय. तुमच्यात मिसळ," ती म्हणाली. "रागावलीस ना लई?"

पंचशीला उठून दारापर्यंत आली. "आत ये. बस ह्या दोघींपाशी, निवडू लाग. दार उघडंच राहील."

उज्वलानं वळून रस्त्याकडे पाहिलं. रस्त्यावर माणसं होती. तिच्या पायातली चप्पल निघाली नाही.

"मग धान्य ठेव," पंचशीला म्हणाली. "उपाशी माणसाचं त्याच्यावाचून अडतं. माझं तुझ्यावाचून अडत न्हाई आता."

उज्वला पिशवी उंबऱ्यावर ठेवून गेली. पंचशीलानं पिशवी उचलली, विहारातल्या पिंपात रिकामी केली आणि हात घालून वरची ज्वारी खालपर्यंत ढवळली. मग तिनं एक पिशवी भरली आणि ती ईश्वरप्पाच्या घराकडे निघाली, गावातल्या मधल्या रस्त्यानं, पिशवी सगळ्यांना दिसेल अशी धरून.