ध्वनियंत्र क्रमांक सतरा, आतील तबकडीसह

विषय : ध्वनियंत्र क्रमांक सतरामध्ये अडकलेली गाण्यांची तबकडी परत मिळणेबाबत.
संदर्भ : अर्जदाराचे तीन अर्ज व त्यांना दिलेली तीन उत्तरे.

उपरोक्त विषयातली तबकडी ती मीच. मला बोलायची परवानगी कुणी दिलेली नाही. पण ती मागायची तर आणखी एक अर्ज वाढला असता, म्हणून न विचारताच बोलते.

मी एका नामांकित पॉप गायिकेची निवडक गाणी. तिच्या तीस वर्षांच्या गाण्यांतली अठरा कंपनीने माझ्या अंगावर उतरवली. पहिल्या गाण्यात ती सतरा वर्षांची आहे आणि प्रेमासाठी जीव द्यायला निघाली आहे. अठराव्यात ती सत्तेचाळीस वर्षांची आहे आणि अजून निघतेच आहे. माझ्या आवरणावर तिचे चार फोटो होते, चार तऱ्हांच्या केसांचे. आत बारीक अक्षरात आभार मानले होते : वादकांचे, तंत्रज्ञांचे, केस कापणाऱ्याचे आणि तिच्या कुत्र्याचे. अकराव्या गाण्यात तिच्या प्रत्येक ओळीला मागून उत्तर देणारा एक दुसरा आवाज आहे. त्याचं नाव तेवढं राहून गेलं.

तो आवाज या कार्यालयातल्या टायपिस्टबाईंचा. बावीस वर्षांच्या असताना त्या संध्याकाळी कोरसमध्ये गायला जात. पुढे घशाचं ऑपरेशन झालं. घसा वाचला, आवाज गेला. जो उरला तो फायली मागण्यापुरता होता. त्यांच्या मुलीने जन्मापासून तोच ऐकला.

नंतर कंपनीने सगळी गाणी घासूनपुसून नव्याने काढली. मागचा आवाज कुणाचा हे कुणालाच आठवेना, तेव्हा तो पुसूनच टाकला. मी पहिल्या खेपेतली, म्हणून माझ्यात तो शिल्लक आहे. निवृत्तीच्या आठवडाभर आधी बाईंना मी जुन्या सामानाच्या दुकानात सापडले. घरी सीडी वाजवायचं यंत्र नव्हतं, कार्यालयात होतं. निरोप समारंभाला त्यांनी मुलीला बोलावलं आणि मला पर्समध्ये घालून आणलं. कारण कुणालाच सांगितलं नाही.

चहा होईपर्यंत माझी दहा गाणी वाजून झाली. तेवढ्यात साहेब भाषणाला उठले. हेडक्लार्कांची यंत्र बंद करायची एक पद्धत होती. बटण दाबून दाबून झिजतं, म्हणून ते थेट भिंतीतली वायर ओढत. ती त्यांनी ओढली. माझ्याखाली काहीतरी कडकन तुटलं.

साहेब चाळीस मिनिटं बोलले. बाईंच्या अबोल स्वभावाची त्यांनी फार तारीफ केली. भाषण संपल्यावर यंत्र सुरू होईना आणि खण उघडेना.

"माझ्याकडे स्क्रूड्रायव्हर आहे," म्हातारा शिपाई म्हणाला.

"हात लावू नका," हेडक्लार्क म्हणाले. "यंत्र कार्यालयाचं. खासगी वस्तूसाठी उघडलं तर चौकशी लागेल. बाई, तुम्ही एक साधा अर्ज टाका. दोन दिवसांचं काम."

"नक्की दोन?" मुलीने विचारलं.

"अहो, घरच्याच आहेत त्या."

बाई नुसत्या हसल्या. असली उत्तरं त्यांनी तीस वर्षं स्वतःच्या हातांनी टाइप केली होती.

मला यंत्रासकट भांडारात नेलं. इथे वर झाकण, खाली चाकाचा तुटलेला दात, आणि मध्ये मी. गोल असून फिरता येत नाही, यापरतं दुःख तबकडीला नाही. एका फटीतून थोडा उजेड येतो आणि बरीच धूळ येते. शेजारच्या टेबलावर भांडारपाल बसतात. लिहिताना मोठ्याने वाचायची त्यांना खोड आहे, त्यामुळे माझं पुढे काय होतंय ते मला कळत असतं.

वार्षिक तपासणीत त्यांनी फटीतून बॅटरी मारली. माझी कड चमकली. प्रामाणिक माणूस, त्यांनी नोंदवहीत लिहिलं, "ध्वनियंत्र क्रमांक सतरा, आतील तबकडीसह." त्या क्षणी मी कार्यालयाची झाले.

पहिल्या अर्जाला उत्तर गेलं : तबकडी खासगी असल्याचा पुरावा जोडावा. बाईंनी माझं आवरण जोडलं. दुसरं उत्तर : आवरण मिळाले, फाइलला लावले. मात्र ते याच तबकडीचे आहे काय, हे तबकडी बाहेर काढल्याशिवाय सांगता येत नाही. आणि ती अर्जदाराची ठरल्याशिवाय बाहेर काढता येत नाही.

तिसऱ्या अर्जात बाईंनी कधी कुणाला न सांगितलेलं लिहिलं : अकराव्या गाण्यातला दुसरा आवाज माझा आहे. मुलीला तो एकदा ऐकवायचा आहे. त्यावर उत्तर : अर्जदाराने समक्ष येऊन आवाजाचा नमुना द्यावा.

त्या आल्या. मुलगी बरोबर होती.

"बसा बाई," भांडारपाल म्हणाले. "काय म्हणायचं ते म्हणा, म्हणजे मी नोंद घेतो."

"नुसतं कसं म्हणू?" बाईंचा खरखरीत आवाज आला. "ते उत्तर आहे. आधी कुणीतरी विचारायला नको का?"

"आई, फोनवरचं लावू?"

"त्यात मी नाही."

"म्हणून तर. जागा रिकामीच आहे."

मुलीने फोनवर गाणं लावलं. गायिकेची ओळ आली आणि मागे नुसता ठेका राहिला. त्या रिकाम्या जागेत बाई शिरल्या. पहिल्या ओळीला आवाज फाटला. दुसरीला खोकला आला. तिसरी त्यांनी धरली. माझ्यातला आवाज बावीस वर्षांचा, धुतल्यासारखा स्वच्छ. बाहेरचा भांडं घासल्यासारखा. पण कुठे थांबायचं आणि कुठे उचलायचं, त्यात केसाइतकाही फरक नव्हता. मी आत जागच्या जागी तडफडत होते. एक गिरकी घेता आली असती तरी साक्ष दिली असती.

गाणं संपलं. मुलीने विचारलं,

"हे तू मला घरी का नाही कधी म्हणून दाखवलंस?"

"असल्या आवाजात?"

"मला दुसरा कुठला माहीत आहे?"

मुलीने भांडारपालांना विचारलं, "परत एकदा म्हटलं तर चालेल?"

भांडारपालांनी दाराकडे पाहिलं असावं, कारण दार लोटल्याचा आवाज आला. "नमुने दोन असलेले बरे," ते म्हणाले.

दुसऱ्या खेपेला बाई खोकल्या नाहीत. त्या दोघी गेल्यावर भांडारपालांनी मोठ्याने वाचत लिहिलं, "नमुने दोन घेतले. तबकडीतील आवाजाशी जुळणी करण्यासाठी यंत्र चालू असणे आवश्यक. यंत्र बंद आहे."

माझं स्वतःचं मागणं कुठल्याच अर्जात नाही, म्हणून इथे नोंदवते. मला घरी नेलं नाही तरी चालेल. अकरावं गाणं वाजेल एवढ्यापुरतं कुणीतरी मला फिरवावं.

यंत्र दुरुस्तीचा प्रस्ताव तांत्रिक विभागाकडे पाठवला, त्याला चौदा महिने झाले. स्मरणपत्रं दोन गेली. अर्ज प्रलंबित आहे.